चार खणांचा तक्ता

साताऱ्याला दादाच्या डीटीपीच्या दुकानात एक लोखंडी कपाट आहे. लग्नपत्रिकांचे नमुने, जुन्या फ्लॉप्या, कुठल्याशा प्रिंटरची रिकामी टोनर असा सगळा संसार त्यात आहे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर निळ्या बॉलपेनने दोन ओळी लिहिल्या आहेत : ‘१ ते २६१’ आणि ‘२६२ ते ५२२’. दुकानात नव्याने येणारी मुलं ‘हे काय?’ म्हणून विचारतात आणि मी तिथे असलो तर दादा माझ्याकडे बोट दाखवतो.

त्या दोन ओळी म्हणजे एका हार्ड डिस्कच्या हद्दी आहेत. मे १९९९ मध्ये मी त्या पुसल्या होत्या. कशा पुसल्या आणि परत कशा मिळाल्या, हे सांगायला फार वेळ लागत नाही. पण एका डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदवायच्या तर हद्दी का आखाव्या लागतात, त्या पहिल्यांदा कुणी आखल्या आणि कशासाठी, हे शोधत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण सगळ्यांनी ‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ म्हणून वापरलेल्या या वाटण्या मुळात आपली गाणी एकीकडे आणि कामाच्या फायली दुसरीकडे ठेवता याव्यात म्हणून निघालेल्याच नव्हत्या. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या सिस्टीमना शेजारी राहता यावं म्हणून त्या निघाल्या. हा मूळ हेतू पुढे इतका विसरला गेला, की १९९९ साली एका मशीनवर दोन सिस्टीम घालणारा मुलगा काहीतरी आगाऊपणा करतोय असंच घरच्यांना वाटायचं. (माझ्या बाबतीत ते खरंही होतं, ते सोडा.)

*

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. १६० किलोबाइटची फ्लॉपी मिळे, तीही वेगळे पैसे मोजले तर. फ्लॉपी नसली तरी मशीन अगदीच मुकं राहू नये म्हणून आयबीएमने बेसिक ही भाषा रॉमच्या चिपमध्येच भरून दिली होती. काहीच सापडलं नाही तर मशीन बेसिकमध्ये उघडायचं. ही बेसिकची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे साताऱ्यात भेटणार आहे.

या मशीनसाठी आयबीएमने एक नव्हे, तीन ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केल्या होत्या : मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेली यूसीएसडी पी-सिस्टीम. डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४०, त्यातच पुढचा बराचसा निकाल लागला. पण १९८१-८२ मध्ये तो कुणाला ठाऊक नव्हता. शिवाय सिस्टीम फ्लॉपीवर असल्यामुळे भांडणाचं कारणच नव्हतं. जिची फ्लॉपी आत, तिचं राज्य. ती काढली, दुसरी घातली, की राज्य बदललं.

८ मार्च १९८३ ला पीसी एक्सटी आला आणि त्याच्या पोटात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ही डिस्क फ्लॉपीसारखी काढता-घालता येत नव्हती. जी सिस्टीम तिच्यावर आधी बसेल ती सगळी जागा आपलीच समजणार, आणि दुसरीला जागा द्यायची तर पहिलीला उठवावं लागणार. तीन सिस्टीम विकणाऱ्या कंपनीला हे परवडणारं नव्हतं. म्हणून एक्सटीबरोबर आलेल्या पीसी-डॉस २.० मध्ये एक नवी व्यवस्था आली : डिस्कचे एक ते चार भाग पाडा, प्रत्येक भाग एकेका सिस्टीमला द्या, आणि कुणाचा भाग कुठून कुठवर ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात लिहून ठेवा. त्या सेक्टराला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातला पहिला प्रोग्रॅम आयबीएमच्या डेव्हिड लिटन यांनी जून १९८२ मध्ये लिहिला.

डिस्कचे भाग पाडणं त्यापूर्वीही होतं. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये डिस्कचे तुकडे असत, पण त्यांच्या हद्दी खुद्द युनिक्सच्याच ड्रायव्हरमध्ये लिहिलेल्या असत. म्हणजे ते एकाच घरातले कप्पे झाले. घर दुसऱ्याचं असू शकतं आणि तरी हद्द दोघांनाही वाचता आली पाहिजे, ही गोष्ट सामान्य माणसाच्या टेबलावर आली ती या १९८३ च्या तक्त्यामुळे.

तक्ता इवलासा आहे. पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ बाइट ‘हा सेक्टर खरा आहे’ अशा खुणेला. मधे उरले ६४. त्यांच्या चार ओळी, प्रत्येकी १६ बाइटांची. एका ओळीत भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्यात सेक्टर किती, शिवाय मशीन सुरू होताना याच भागाकडे जायचं का याची खूण, आणि हा भाग कोणत्या जातीच्या सिस्टीमचा आहे ते सांगणारा एक आकडा. बस. चारच ओळी का, याचं उत्तर यातच आहे. तेवढ्या जागेत तेवढ्याच मावत होत्या आणि १९८२ मध्ये चार सिस्टीम म्हणजे डोक्यावरून पाणी होतं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला सातबारा पुरतो. उतारा म्हणजे जमीन नव्हे. उताऱ्यावर नाव चढलं किंवा उतरलं म्हणून शेतातली ज्वारी हलत नाही. पण उतारा हरवला की शेत दिसत असूनही कुणाचं ते सांगता येत नाही. डिस्कवरचा तक्ता हा असाच उतारा आहे. फरक एवढाच की इथे तलाठी नाही, तहसीलदार नाही, कोर्टही नाही. तक्त्याला कुलूप नसतं. एकदा एखादी सिस्टीम चालू झाली की अख्खी डिस्क तिच्या हाताखाली असते. दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही, हे केवळ रीत म्हणून पाळायचं.

ही रीत पाळायला तो जातीचा आकडा उपयोगी पडे. ०१ म्हणजे डॉस. ०२ आणि ०३ हे आकडे झेनिक्सचे. झेनिक्स हे युनिक्सचं रूप खुद्द मायक्रोसॉफ्टचं, म्हणजे या तक्त्यावरच्या अगदी सुरुवातीच्या शेजाऱ्यांत एकाच घरातले दोन भाऊ होते. लिनक्सचा आकडा पुढे ८३ ठरला. पण हे आकडे वाटून देणारी अधिकृत कचेरी कधीच नव्हती. ज्याला जो मोकळा दिसला तो त्याने घेतला. ओएस/२ साठी घेतलेला ०७ पुढे विंडोज एनटीनेही वापरला. सर्वांत वाईट प्रकार ८२ चा झाला. लिनक्सने तो स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी कमी पडली की तात्पुरता पसारा टाकायच्या जागेसाठी घेतला, आणि सन कंपनीच्या इंटेल मशीनवरच्या सोलॅरिसने तोच आकडा आपल्या मुख्य भागाला दिला. दोन्ही एका डिस्कवर ठेवायला निघालेल्या माणसाचं अख्खं सोलॅरिस लिनक्सच्या इन्स्टॉलरला उकिरड्याची मोकळी जागा वाटू शके. सोलॅरिसने नंतर आकडा बदलला.

*

ऐंशीच्या दशकात डॉस जिंकली आणि शेजारी उरलेच नाहीत. तेव्हा चार खणांना दुसरंच काम लागलं. डॉसला एका भागात ३२ मेगाबाइटच्या वर जाता येईना आणि डिस्क तर मोठ्या होऊ लागल्या. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये ‘एक्स्टेंडेड’ भाग आला : चार ओळींपैकी एक ओळ अशी, की तिच्या पोटात आणखी भाग पाडता येतात. सी, डी, ई, एफ ही आपल्या ओळखीची रांग इथून सुरू झाली. वाटणी शेजाऱ्यासाठी होती, ती एकाच मालकाच्या खोल्या मोजण्यासाठी वापरली जाऊ लागली.

शेजारी परत आला तो हेलसिंकीहून. लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ मशीन घेतलं तेव्हा त्यावर डॉस होती, आणि अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मिनिक्सच्या फ्लॉप्या येईपर्यंत तो त्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत बसे. मग डिस्कच्या एका भागात मिनिक्स आली आणि तिच्या आधाराने त्याने स्वतःची सिस्टीम लिहायला घेतली. म्हणजे लिनक्सचा जन्मच दोन-तीन बिऱ्हाडांच्या डिस्कवर झाला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायला सांगितलं, पण मोडेमच्या जागी चुकून हार्ड डिस्कचं नाव दिलं. फोन लावायच्या आज्ञा जाऊन पडल्या मिनिक्सच्या भागावर आणि मिनिक्स गेली. ती पुन्हा घालत बसायचं की आपल्या अर्ध्यामुर्ध्या सिस्टीमवरच राहायला जायचं, असा प्रश्न आला आणि त्याने दुसरा रस्ता धरला. हा किस्सा त्यानेच आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. मी तो वाचला तेव्हा मला फार धीर आला, पण तोपर्यंत माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लिनक्स वापरून पाहू इच्छिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे आधीपासून डॉस किंवा विंडोज असे. ती काढून टाकायची तयारी नसे. त्यामुळे शेजारधर्माची सगळी जबाबदारी नव्याने येणाऱ्यावर पडली आणि त्यासाठीची हत्यारं त्याच लोकांनी घडवली. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो मशीन सुरू होताना थांबून विचारी, कुठे जायचं? लिलोला फाइल म्हणजे काय हे कळत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमका कुठल्या कुठल्या जागी आहे त्याची यादी तो आधीच करून ठेवी, आणि गाभा बदलून यादी करायला विसरलात की मशीन ठप्प होऊ शके. नावातली अक्षरं एकेक टप्पा पार पडला की एकेक उमटत, त्यामुळे कितव्या अक्षरावर अडकलं यावरून दुखणं ओळखायचं. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेल्या ग्रबला मात्र फाइली वाचता येत होत्या, म्हणून तोच पुढे टिकला.

दुसरं हत्यार होतं फिप्स. १९९३ मध्ये आर्नो शेफर यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम भरलेल्या डॉसच्या भागाचे, आतला माल न गमावता, दोन भाग करी. आधी डीफ्रॅग चालवून सगळ्या फायली भागाच्या पुढच्या टोकाला गोळा करायच्या, मागे मोकळी जागा झाली की मग फिप्सने हद्द अलीकडे सरकवायची. पुढे पॉवरक्वेस्टच्या पार्टिशन मॅजिकने हेच काम चित्रं दाखवत आणि पैसे घेत केलं.

मासिकाबरोबर मिळालेल्या ज्या सीडीवरून मी लिनक्स घालायला बसलो, त्या सीडीवर फिप्स होता. मी ती माहिती वाचलीच नाही.

*

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो होतो. दादाचं दुकान बँकेच्या कर्जावर उभं होतं आणि दुकान म्हणजे एक मशीन. विंडोज ९५, डिस्क ४.३ गिगाबाइटची. त्या विंडोजला एका भागात २ गिगाबाइटच्या वर जाता येत नसे, म्हणून मशीन देणाऱ्याने सरळ मधोमध कापून सी आणि डी केले होते. सीवर विंडोज, डीवर दुकानाचं सगळं काम. आणि त्या कामात होती गुरुजींची ओव्यांची वही.

गुरुजी जवळच्याच गावचे, निवृत्त. शाळा सुटल्यावर, सुट्टीत, लग्नकार्यात असं करत वीसेक वर्षं त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. दादाने दोन वर्षं जमेल तशा त्या टाइप केल्या. पानं झाली २८०. गुरुजी पंधरवड्याने एसटीने यायचे, प्रुफं तपासायचे, कुठल्या गावच्या कुठल्या बाईने हा शब्द असा म्हटला होता ते आठवून दुरुस्त करायचे. मूळ वह्या होत्या, पण या दुरुस्त्या फक्त डीवरच्या फायलींत होत्या. तपासलेली प्रुफं दुकानाच्या रिवाजाप्रमाणे पाठकोरी म्हणून वापरून संपली होती. फायली फ्लॉपीवर मावत नव्हत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज हे वाचताना कुणालाही घाम फुटेल. तेव्हा बहुतेक दुकानांत असंच चाले.

दादा बारशाला गेला होता. मी लिनक्सची फ्लॉपी-सीडी लावली आणि एफडिस्क उघडली. माझी समजूत अशी, की तक्त्यात सी लहान लिहिला की आतला माल आपोआप आत सरकून बसेल. ज्या मुलाला उताऱ्यावर दोन एकराचं एक एकर केलं तर ज्वारी गोळा होत नाही हे कळत होतं, त्याला हे का कळू नये ते मला अजून सांगता येत नाही. मी जुन्या ओळी काढल्या आणि नव्या, लहान हद्दी लिहिल्या. एफडिस्कमध्ये हे सगळं मेमरीतच चालतं. शेवटी ‘डब्ल्यू’ दाबलं की ते डिस्कवर जातं. मला वाटलं, डब्ल्यू दाबल्यावर ती ‘नक्की ना?’ विचारेल. ती विचारत नाही.

फॉरमॅटपर्यंत जाण्याआधी विंडोज उघडतंय का पाहावं म्हणून मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली : ‘नो रॉम बेसिक, सिस्टीम हॉल्टेड’.

बेसिक? मी बेसिकला हात लावला नव्हता. या ओळीचा अर्थ मला खूप नंतर कळला. नव्या ओळी लिहिताना ‘या भागाकडे जा’ ही खूण द्यायची राहिली होती. पहिल्या सेक्टरातल्या प्रोग्रॅमने चारही खण पाहिले, कुठेच खूण दिसली नाही, तेव्हा त्याने १९८१ सालच्या रिवाजाप्रमाणे मशीनला सांगितलं, मग आपलं रॉममधलं बेसिक उघड. दादाचं मशीन कुठल्याशा गाळ्यात सुटे भाग जुळवून केलेलं. त्यात आयबीएमचं बेसिक कुठून असणार?

दादा आला. त्याने पडदा पाहिला आणि फक्त एवढंच विचारलं, ‘गुरुजींचं?’ मी काही बोललो नाही. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून आमच्या कॉलेजच्या लॅबच्या सरांना घरी फोन लावला. रविवार होता, सर जेवत होते.

‘फॉरमॅट केलंस का?’

‘नाही सर.’

‘नक्की? नंतर काही कॉपीबिपी केलंस?’

‘नाही सर. फक्त डब्ल्यू दाबलं.’

‘मग रडू नको. माल आहे तिथेच आहे, हद्दी तेवढ्या गेल्यात. सी केवढा होता?’

‘दोन जीबी. २०४७ दाखवायचं.’

‘म्हणजे पूर्ण मर्यादेपर्यंत घेतलेला. एफडिस्क हेड किती दाखवते? २५५? कागद घे.’

बूथवाल्याच्या टेबलावरचा कागद घेतला. सर सांगत गेले, मी लिहीत गेलो. २५५ गुणिले ६३ म्हणजे एका सिलिंडरात १६,०६५ सेक्टर. २०४७ मेगाबाइटला असे २६१ सिलिंडर. म्हणजे सी १ ते २६१, डी २६२ पासून डिस्क संपेपर्यंत, आणि डिस्क संपत होती ५२२ वर. ‘डी एक्स्टेंडेडच्या पोटात असणार, ते विसरू नको,’ सर म्हणाले, ‘आणि खूण द्यायला विसरू नको. त्याशिवाय उठणार नाही.’ मीटरवर किती झाले होते ते आठवत नाही. पैसे दादाने दिले.

दुकानात येऊन पुन्हा लिनक्सची फ्लॉपी लावली. माझ्या चुकीच्या ओळी काढल्या, कागदावरच्या हद्दी घातल्या, जातीचे आकडे घातले, खूण दिली. डब्ल्यू दाबायला मात्र माझा हात धजेना. दादाने मागून हात घालून ते दाबलं.

विंडोज उघडलं. डी उघडला. ओव्यांची सगळी पानं होती.

एक गोष्ट दादाला मी त्या दिवशी सांगितली नाही. माझ्या चुकीच्या आखणीत एक्स्टेंडेड भाग १५१ व्या सिलिंडरपासून सुरू होत होता, आणि त्याचा पोटतक्ता एफडिस्कने त्या जागी लिहिला होता. ती जागा मूळ सीच्या मधोमध येते. म्हणजे सीवरचा एक सेक्टर, ५१२ बाइट, कायमचा गेला. तिथे काय होतं, एखाद्या फॉन्टचा तुकडा, की काही नव्हतंच, ते कधीच कळलं नाही. ओव्यांचं पुस्तक त्याच वर्षी दिवाळीनंतर छापून झालं. गुरुजींना हा प्रकार आम्ही कधी सांगितला नाही.

पुढच्या सुट्टीत त्याच मशीनवर मी रीतसर, डीफ्रॅग करून, फिप्स वापरून, दादा शेजारी बसलेला असताना लिनक्स घातलं. तरी तक्रारी आल्याच. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि मी लिनक्सला ग्रिनिचची ठेवायला सांगितली होती. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. लग्नसराईत दादा रात्री एक वाजता पत्रिका दुरुस्त करी आणि फाइलवर तारीख पडे आदल्या दिवशीच्या संध्याकाळची. कुठली प्रत शेवटची यावरून दुकानात भांडणं झाली. शिवाय विंडोजमध्ये खास फॉन्टने टाइप केलेला मराठी मजकूर लिनक्समध्ये उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. हद्द ओलांडून फाइल वाचता येत होती, तरी भाषा पलीकडेच राहत होती. ते दुखणं युनिकोड रुळल्यावर बरं झालं.

*

माझा गोंधळ माझ्या अडाणीपणाचा होता. पण त्याच वर्षांत हा तक्ता, नेमकं सांगायचं तर त्यापुढचा ‘कुठे जायचं?’ हा प्रश्न, मोठ्या लोकांच्या भांडणाचा विषय झाला होता. मायक्रोसॉफ्टला दोन सिस्टीमचं वावडं होतं असं नाही. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ बरोबर आलेला बूट मेनू शेजारच्या डॉसचं नाव स्वतःच दाखवत असे. स्वतःची भावंडं चालत होती. परक्याचं नाव मात्र मेनूत येत नसे, आणि विंडोज ९५ किंवा ९८ नव्याने घातली की ती पहिल्या सेक्टरातला लिलो पुसून आपला प्रोग्रॅम लिही. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम आम्हां विद्यार्थ्यांना पाठ झाला तो यामुळे.

खरा नमुना बीओएसचा. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये काढलेल्या ‘बी’ कंपनीची ही सिस्टीम इंटेलच्या मशीनवर १९९८ मध्ये आली. तिने मुळातच विंडोजच्या शेजारी राहायचं ठरवलं होतं. जपानमध्ये हिताचीने आपल्या काही मशीनवर विंडोज आणि बीओएस दोन्ही घालून दिल्या. पण मशीन सुरू केलं की सरळ विंडोज उघडे. बीओएस डिस्कवर होती, तिचा भाग होता, तक्त्यात तिची ओळ होती, फक्त तिच्याकडे जायचा दरवाजा ग्राहकाला दिसत नव्हता. तो त्याने स्वतः सूचना वाचून काढून घ्यायचा. विंडोजच्या परवान्यातल्या अटींमुळे असं झालं, असं बीचं म्हणणं होतं. कंपनी बुडाली, २००१ मध्ये तिची मालमत्ता पामने घेतली आणि उरलेल्या बीने फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले.

दरम्यान अमेरिकी सरकारच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या मोठ्या खटल्याचा अंतिम आदेश नोव्हेंबर २००२ मध्ये निघाला. ब्राउझरच्या भांडणासाठी तो सगळ्यांना आठवतो. पण त्यात एक कलम असंही आहे, की मशीन बनवणाऱ्याला आपल्या ग्राहकापुढे दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करायचा पर्याय ठेवायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याला अडवू नये. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. १९८३ मध्ये आयबीएमने ६४ बाइटांत लिहून ठेवलेली मुभा १९ वर्षांनी कोर्टाच्या आदेशात लिहावी लागली होती.

*

चार खणांच्या तक्त्याला शेवटी वयानेच मारलं. त्यातल्या आकड्यांची जागा इतकी तोकडी, की २ टेराबाइटच्या पलीकडची जमीन त्याला मोजताच येत नाही. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटॅनियमसाठी नवी व्यवस्था आखली, ती पुढे सगळीकडे गेली. नव्या जीपीटी तक्त्यात सहसा १२८ ओळी असतात, प्रत्येक भागाला जातीच्या एका बाइटाऐवजी लांबलचक, सहसा कुणाशी न जुळणारी ओळख असते, आणि ज्याची मला १९९९ मध्ये सर्वांत जास्त गरज होती ते असतं : तक्त्याची दुसरी प्रत, डिस्कच्या शेवटी. मशीन सुरू करून देणारे प्रोग्रॅमही आता एका सामाईक भागात शेजारीशेजारी फायली म्हणून राहतात. पहिला सेक्टर बळकावायची गरज उरली नाही.

दरवाजाचा प्रश्न मात्र गेला नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, म्हणजे सही असलेला प्रोग्रॅमच मशीन सुरू करू शकतो, आणि सर्वत्र चालणारी सही मायक्रोसॉफ्टची. त्यातून वाट काढायला मॅथ्यू गॅरेट यांनी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली जाते आणि मग तो लिनक्सला आत घेतो. ही सोय की मिंधेपणा यावर लिनक्सवाल्यांत वाद झाले. मला विचाराल तर तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. ॲपलनेही २००६ पासून बूट कॅम्प देऊन आपल्या मशीनवर विंडोजला जागा दिली होती, ती २०२० मध्ये स्वतःच्या चिप आल्या तशी गेली. आज माझे विद्यार्थी विंडोजच्या आतच लिनक्स उघडतात, हद्द आखायच्या भानगडीत पडत नाहीत. सोयीचं आहे. पण तिथे लिनक्स भाडेकरू असतो, शेजारी नसतो.

गेल्या उन्हाळ्यात दादाने नवं मशीन घेतलं. मी सवयीने त्याच्या डिस्कचा पहिला सेक्टर उघडून पाहिला. जीपीटी असलेल्या डिस्कवरही तिथे जुना तक्ता लिहून ठेवतात. त्यात एकच ओळ असते, ‘ईई’ या जातीची, साधारण अख्खी डिस्क व्यापणारी. जुन्या काळातला एखादा प्रोग्रॅम चुकून आला तर त्याला डिस्क रिकामी वाटू नये आणि त्याने तिथे नांगर घालू नये, एवढंच तिचं काम. बाकीचे तीन खण शून्यांनी भरलेले होते, शेवटी तीच २ बाइटांची खूण. मी दादाला ते दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘डब्ल्यू नाही ना दाबलंस?’